तेवीस नंबरची तार

जुन्या वस्तूंची तारीफ करायची आमच्या घराण्याला सवय आहे. अब्बांच्या मते हिंदुस्थानात चांगली सायकल शेवटची केव्हा बनली ते साल ठरलेले आहे, आणि ते साल नेमके त्यांच्या लग्नाचे निघते. अम्मीची शिलाई मशीन, मामूंचा पितळी स्टोव्ह, मशिदीतले लंबकाचे घड्याळ. "आता तसा माल येत नाही" हे वाक्य आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की वर्गात कधी कधी ते आमच्याही तोंडून निघून जाते. पण आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना "पुरावा काय?" असे विचारायला शिकवायचे आणि स्वतः पुराव्याशिवाय बोलायचे, हे काही बरे नाही. हे वाक्य एकदा नीट तपासून पाहावे असे फार दिवस मनात होते. तशी संधी आली ती मात्र अशा वस्तूच्या निमित्ताने, जी आमच्या खानदानात कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ती वस्तू म्हणजे पिनबॉलचे यंत्र.

आमचे मामेभाऊ शिकागोला असतात. आम्ही त्यांना भाई म्हणतो. चिपळूणच्या बाजारपेठेत वायरमनचे काम शिकले, मग आखातात गेले, तिथून कुठल्या कुठे फिरत शिकागोला पोहोचले आणि तिथेच राहिले. अनेक वर्षे ते काय करतात हे घरात कोणाला नीटसे कळत नव्हते. "गेमच्या मशिनी दुरुस्त करतो" एवढेच माहीत. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी तिकीट पाठवून बोलावले. विमानतळावरून गाडी डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरून गेली. या रस्त्याच्या एका तुकड्याला गांधींचे नाव आहे आणि एका तुकड्याला जिनांचे. मध्ये मिठाईची, साड्यांची, हलाल गोश्ताची दुकाने. आम्ही तेवढ्यानेच थक्क झालो होतो. पण भाईंच्या घराचे तळघर पाहिले आणि डेव्हन विसरलो. तिथे पाच पिनबॉल यंत्रे उभी होती. दोनांची झाकणे वर होती, एकाचे पोट रिकामे होते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे उरुसात प्लॅस्टिकची एक पाटी मिळते. तिच्यावर खिळे ठोकलेले असतात, एका कोपऱ्यात स्प्रिंगचा दांडा असतो. दांडा ओढून सोडला की बारीक गोळी वर जाते आणि खिळ्यांतून धडपडत खाली येऊन एखाद्या आकड्याच्या खणात पडते. पिनबॉलचा जन्म याच खेळातून झाला. मूळ खेळ फ्रान्समधला, बागातेल नावाचा. स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी घेतले. १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी 'बॅफल बॉल' नावाची पेटी साडेसतरा डॉलरला विकायला काढली. मंदीचे दिवस, लोकांच्या खिशात फार तर एक नाणे, त्यामुळे ती पन्नास हजारांवर खपली. तेव्हापासून हा धंदा शिकागोचा झाला. गॉटलिब, बॅली, विल्यम्स ही सगळी मोठी नावे याच शहरातली आणि आसपासची. गंमत अशी की हे शहर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत यंत्रे बनवून जगाला विकत होते आणि स्वतःच्या हद्दीत मात्र ती चालवायला बंदी होती.

बंदीचे कारण जुगार. अम्मीने फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, "भाई जुगाराचं काम तर करत नाही ना?" तिचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. १९३० च्या दशकातली काही यंत्रे जिंकणाऱ्याला खरोखरच पैसे देत. न्यूयॉर्कच्या महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये ती जप्त करून हातोड्याने फोडली. पण १९४७ मध्ये गॉटलिबच्या कारखान्यातून 'हम्प्टी डम्प्टी' नावाचे यंत्र निघाले आणि त्यात हॅरी मॅब्स यांनी फ्लिपर बसवले. फ्लिपर म्हणजे बटण दाबले की उसळणाऱ्या, बोटाएवढ्या पात्या. खाली पडणारा गोळा आता खेळणाऱ्याला परत वर मारता येऊ लागला. नशिबाचा खेळ हुनराचा झाला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेपुढे रॉजर शार्प नावाच्या तरुणाने गोळा कुठे जाईल ते आधी सांगून मारून दाखवला आणि बंदी उठली. हे सगळे अम्मीला समजावले. ती म्हणाली, "मग ठीक. पण तू खेळत बसू नको."

आम्ही खेळत बसलो. पण त्याहून जास्त वेळ झाकण उघडून आत बघत बसलो.

भाईंनी पहिल्या दिवशी दोन यंत्रे शेजारी शेजारी उघडून ठेवली. एक विल्यम्सचे १९७६ सालचे 'स्पेस मिशन'. आरशासारख्या उभ्या काचेवर अंतराळयानांचे चित्र, फळीच्या मधोमध झोके घेणारे एक लक्ष्य. दुसरे दोन वर्षांपूर्वीचे, एका दातांच्या डॉक्टरचे, दुरुस्तीला आलेले. जुन्याच्या आत ट्रान्सफॉर्मर, मग रांगेने रिले, प्रत्येकाखाली कागदी पट्टीवर त्याचे नाव. कापडी आवरणाच्या तारा, मेणाच्या दोऱ्याने जुड्या बांधलेल्या. या जुड्या कारखान्यात बहुतेक बायका बांधत. मोठ्या फळीवर खिळे ठोकून त्यांच्यामधून एकेक रंगाची तार फिरवत न्यायची. दोऱ्याच्या गाठी इतक्या एकसारख्या की आमच्या खालाजानच्या गोधडीची आठवण व्हावी.

भाईंनी यंत्र चालू केले आणि गोळा न सोडता बोटानेच एक लक्ष्य दाबले. पन्नास गुणांचे. आतली छोटी मोटर घरघरली, आकड्याची चकती एकेक घर पुढे सरकली आणि धातूची पट्टी वाजली : टण, टण, टण, टण, टण. दहा गुणांच्या पाच उड्या. आम्ही पुन्हा दाबले. पुन्हा पाच. यंत्र बेरीज करते ते कानांनी ऐकू येते हे आम्ही आयुष्यात पहिल्यांदा अनुभवले. आठवीच्या पुस्तकात विद्युत घंटी आहे, आमच्या उर्दू पुस्तकात ती 'बर्की मकनातीस'च्या धड्यात येते. ती शिकवताना आम्ही फळ्यावर बाण काढतो : प्रवाह आला, लोखंड ओढले गेले, संपर्क तुटला, प्रवाह थांबला. इथे तेच बाण शेकड्यांनी जिवंत होऊन उड्या मारत होते. संगणक नाही, एक चिपसुद्धा नाही, आणि तरी या पेटीला चार खेळाडूंचे गुण, कोणाची पाळी, कितवा गोळा, सगळे लक्षात राहते. चकती जिथे थांबली तीच तिची आठवण.

मग नवे. त्याचे पोट उघडले तर पहिल्यांदा वाटले, काहीतरी काढून नेले आहे. इतके मोकळे. फळीच्या खाली चार-सहा हिरवे बोर्ड, त्यांना जोडणाऱ्या बारीक केबली. २०१५ च्या सुमारास ही पद्धत आली. पूर्वी प्रत्येक दिव्याची, प्रत्येक स्विचची तार वरच्या मोठ्या बोर्डापर्यंत जायची, आता जवळच्या छोट्या बोर्डापर्यंत गेली की पुरे. पुढे बोर्ड आपसांत बोलतात. बोर्डावरचे भाग तिळाएवढे. दिवे एलईडी, वर आकड्यांच्या चकत्यांऐवजी टीव्हीचा पडदा. तेव्हा, २०२३ मध्ये, किंमत सात हजार डॉलरच्या आसपास होती, आणि ती स्वस्तातल्या जातीची. महागातली तेरा हजारापर्यंत जायची. आमच्या मनात लगेच घराण्याचे वाक्य आले. आम्ही म्हणालो, "भाई, आता तसा माल येत नाही."

भाई हसले नाहीत. म्हणाले, "हात लावून बघ आधी."

त्यांनी जुन्या यंत्राच्या फळीवर बॅटरी धरली. फ्लिपरच्या वरच्या बाजूला रंग उडून लाकूड दिसत होते. त्या काळी फळीवर साधे लॅकर असे, ८० ग्रॅमचा पोलादी गोळा रोज हजार वेळा घासला की ते टिकत नसे. काचेवरचे चित्र मागच्या बाजूने छापलेले, दिव्यांच्या गरमीने त्याचे पापुद्रे निघालेले. पेटीचे कोपरे फुगलेले. "हे मजबूत म्हणून बनवलंच नव्हतं," भाई म्हणाले. "दोन-तीन वर्षं बारमध्ये नाणी गोळा करायची, मग नवं आलं की हे गोदामात नाहीतर कचऱ्यात. जे उरलं ते तू बघतोस. बाकीची कुठं आहेत ते विचार."

हा मुद्दा आमच्या डोक्यात पक्का बसला. जुने ते टिकाऊ असे आपण म्हणतो, कारण न टिकलेले आपल्यासमोर हजरच नसते. अब्बांच्या लग्नाच्या सालच्या किती सायकली गंजून गेल्या याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

नव्या यंत्राच्या बाजूने भाईंनी आणखी पुष्कळ सांगितले. फळीवरचा जाड पारदर्शक लेप १९९० च्या आसपास रुळला, त्यामुळे चित्र वर्षानुवर्षे राहते. एलईडीमुळे गरमी नाही. जुन्या यंत्राची फळी साडेतीन अंश उतरती ठेवत, आता साडेसहा अंश ठेवतात. गोळा जास्त वेगाने अंगावर येतो आणि फ्लिपर त्याला उतारावरून वर दुसऱ्या मजल्यावर नेऊन सोडतात. जुन्या फ्लिपरच्या अंगात तेवढी ताकदच नव्हती. खेळ म्हणून नवे श्रेष्ठ, याबद्दल भाईंना शंका नाही. आमचेही मत तेच झाले. 'स्पेस मिशन' अर्ध्या तासात समजते. नव्या यंत्रात एका आठवड्यानंतरही आम्हाला काय करायला सांगत आहेत ते कळत नव्हते, आणि तरी हात निघत नव्हता.

त्यातही खोड्या आहेतच. काही नव्या यंत्रांत हा लेप खांबांभोवती साचून राहतो आणि पुढे त्याचे टवके उडतात. सात हजार डॉलर मोजलेल्या माणसाचे तोंड तेव्हा बघण्यासारखे होते म्हणे. नव्या फळीवर पहिल्याच महिन्यात गोळ्याचे बारीक खड्डे पडतात, त्यावरही लोक चिडतात. पण लाकडावर पोलाद आपटणार तर खड्डे पडणारच, जुन्यावरही पडत. मधल्या काळातल्या, म्हणजे १९७७ पासून पुढच्या, पहिल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे दुखणे तर सर्वांत वाईट. बोर्डावर गुण लक्षात ठेवण्यासाठी बॅटरी बसवलेली असे. ती विसरली गेली की पाझरायची आणि शेजारचे तांबे खाऊन टाकायची. भाईंच्या कपाटात असे डझनभर बोर्ड आहेत, हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखे.

आणि एक भाग मात्र दोन्ही यंत्रांत सारखाच. खेळणाऱ्याने यंत्र हलवून गोळ्याला मदत करू नये म्हणून आत एक ओळंबा टांगलेला असतो. गवंड्याचा असतो तसाच, दोऱ्याच्या जागी तार. त्याच्याभोवती एक कडे. यंत्र जास्त हलले की ओळंबा कड्याला टेकतो, आणि खेळ खलास. टीव्हीचा पडदा आला, वायफाय आले, ओळंबा तिथेच आहे. आम्हाला उगाच फार बरे वाटले.

आता डॉक्टरच्या यंत्राची गोष्ट. त्याचा एक फ्लिपर मेला होता. भाईंचा मुलगा संगणकाचे शिक्षण घेतो. तो खाली आला, दरवाजातली बटणे दाबली, पडद्यावर यादी आली. यंत्राने स्वतःच सांगितले, अमुक बोर्ड उत्तर देत नाही. दोन मिनिटे. मुलगा म्हणाला, "बघा चाचा, हे स्वतः बोलतं. अब्बांच्या त्या डब्यात बिघाड शोधायला अख्खी दुपार जाते." हे खरे होते. आदल्याच दिवशी 'स्पेस मिशन'मध्ये तिसऱ्या खेळाडूचे गुण मोजले जात नव्हते, आणि बाप-बेट्याऐवजी बाप आणि आम्ही दुपारभर खाली वाकलो होतो. यंत्राबरोबर आलेला मूळ नकाशा जमिनीवर पसरला होता, चादरीएवढा. भाई एक बोट नकाशावर आणि एक डोळा रिलेवर ठेवून पुढे सरकत होते. शेवटी एक पत्ती सापडली, काळी पडलेली. भाईंनी खिशातून कोणाचे तरी व्हिजिटिंग कार्ड काढले, पत्त्यांच्या मध्ये सरकवले, वरून दाबून दोनदा ओढले. टण. खर्च शून्य.

डॉक्टरच्या यंत्राचा बोर्ड मात्र बदलावा लागणार होता. नवा मागवायचा, जुना काढायचा, खटक्यात बसवायचा. बोर्डाच्या आत नेमके काय जळले, ते बघायचे नाही. बघायचे म्हटले तरी यंत्राच्या पुस्तकात बोर्डाच्या आतला नकाशा बहुधा नसतो. भाईंनी तो बोर्ड भिंग लावून पाहिला आणि बाजूला ठेवला. मुलगा म्हणाला, "झालं की काम." भाई म्हणाले, "काम झालं. काय झालं ते नाही कळलं."

यावरून दोघांचे नेहमीचे भांडण सुरू झाले. भाभी वरून ओरडली, "जेवायला या, नाहीतर दोघांना तिथेच डबा पाठवते." मुलाचे म्हणणे, गिऱ्हाईकाला यंत्र चालू हवे, त्याला तुमच्या समाधानाशी काय करायचे? भाईंचे म्हणणे, उद्या हा बोर्ड मिळायचा बंद झाला की हे सगळे फर्निचर. १९७६ चे यंत्र आज चालते कारण त्यातली एकही गोष्ट अशी नाही की जी हाताने करता येणार नाही. मुलगा म्हणाला, बंद झालेल्या कंपन्यांच्या जुन्या बोर्डांचेही नवे पर्याय लोकांनी बनवलेच ना! तेही खरे. १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉल सोडले, त्यांच्या १९९२ च्या 'अ‍ॅडम्स फॅमिली'चे बोर्ड आजही कोणी ना कोणी बनवतो. वीस हजारांवर ती यंत्रे विकली गेली, म्हणून परवडते. कमी खपलेल्यांचे काय?

आमच्याकडे निवाडा मागितला. गिऱ्हाईक म्हणून विचाराल तर मुलगा बरोबर, असे आम्ही म्हणालो. शिक्षक म्हणून विचाराल तर उत्तर वेगळे, आणि त्याला चिपळूण कारण आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. आमच्या घरात छताला हात लावून पोहता येईल एवढे होते. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीत सामानाचे ढीग लागले. त्या दिवसांत एक गोष्ट सर्वांनी पाहिली असेल, पण तेव्हा त्याकडे बघण्याची कोणाची मनःस्थिती नव्हती. अम्मीची शिलाई मशीन रॉकेलने धुतली, तेल घातले, पंधराव्या दिवशी तिच्यावर शेजारच्यांचे कपडे शिवले जात होते. पंखे, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीची मोटर, हे सगळे रिवाइंडिंगवाल्याकडे गेले आणि परत आले. वॉशिंग मशिनी आणि टीव्ही मात्र गेले ते गेले. पेटी धडधाकट, ड्रम चकचकीत, आणि तळहाताएवढ्या बोर्डापायी सगळे भंगारात. भंगारवाला किलोवर घेऊन गेला.

बाजारपेठेतला तो रिवाइंडिंगवाला त्या दोन महिन्यांत घरी झोपला नसेल. दुकानाबाहेर चिखलाने माखलेल्या मोटरींची रांग, प्रत्येकीला चिठ्ठी. त्याचे स्वतःचे दुकानही बुडाले होते. तार गुंडाळायचे हाताने फिरवायचे चाक त्याने धुऊन काढले आणि कामाला बसला. त्याचा मुलगा आमच्या शाळेत आहे.

आमच्या वर्गात असेच बाप आहेत. कोणी मोटारसायकल मेकॅनिक, कोणी फ्रिजवाला, कोणी वायरमन, कोणी वेल्डर. वाचकांपैकी अनेकांच्या घरात यातला एखादा असेल. पदव्या कमी, पण बिघडलेली वस्तू उघडायची आणि चालू करायची, या एका हुनरावर बिरादरीतली किती घरे उभी राहिली! वस्तू चांगली की वाईट, हे आपण पत्र्याच्या जाडीवरून ठरवतो. पिनबॉलच्या दोन यंत्रांमध्ये बसून आम्हाला दुसरेच माप सापडले. ही वस्तू बिघडल्यावर कोणाला काम देते? गल्लीतल्या मिस्त्रीला, की दूरच्या गोदामाला? नव्या यंत्राचे लाकूड चांगले, रंग चांगला, खेळ चांगला. पण त्याने मिस्त्रीला पोस्टमन केले आहे. जुना बोर्ड पाठव, नवा आण.

आमच्या शाळेलाही असा एक मोठा डिजिटल पडदा देणगीत मिळाला होता. हमीची मुदत संपल्यावर थोड्याच दिवसांत तो काळा पडला. कंपनीचा माणूस आला, न उघडताच म्हणाला, पॅनल बदला. खर्च नव्या पडद्याच्या जवळ जाणारा. सध्या त्याच्यावर विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते चिकटवतो. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ काढले आहे. कंपन्यांची सेवा केंद्रे, हमीच्या अटी तिथे एकत्र मिळतात. चांगलेच आहे. पण मेकॅनिकला फोन नंबर नको असतो, त्याला नकाशा हवा असतो. १९७६ च्या यंत्राच्या पोटात तो घडी करून ठेवलेला होता.

निघताना भाईंनी विचारले, काय देऊ? आम्ही भंगाराच्या खोक्याकडे बोट दाखवले. त्यांनी १९९० च्या दशकातल्या एका मोडलेल्या यंत्राचा 'नॉकर' दिला. फुकट खेळ जिंकला की पेटीच्या लाकडावर ठक् असा जो आवाज होतो, तो काढणारा हा भाग. एक कॉइल, तिच्यात सरकणारा लोखंडी दांडा, एक स्प्रिंग, बस. आताच्या पुष्कळ यंत्रांत तो आवाज स्पीकरमधून येतो, खरा नॉकर हवा तर वेगळे पैसे मोजून बसवून घ्यायचा. आम्हाला ही बचत काही पटली नाही. बारमध्ये बसलेल्या सगळ्यांनी मान वळवून बघावे असा तो ठोका असतो. स्पीकरकडे कोण बघतो?

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात टेबलावर नॉकर ठेवला, इन्व्हर्टरची बारा व्होल्टची बॅटरी लावली, बटण दिले. ठक्! मागच्या बाकावरची झोप उडाली. मग रांग लागली. एका मुलीने दांडा काढून कॉइलच्या आत पेन्सिल घातली. हलली नाही. खिळा घातला, ओढला गेला. नाणे, हेअरपिन, कंपासचे टोक. आम्ही धड्याचे नाव उच्चारण्याआधी अर्धा धडा होऊन गेला होता. एकाने विचारले, "सर, अमेरिकेतून एवढंच आणलं?"

दुसऱ्या आठवड्यात एका पठ्ठ्याने बटण बराच वेळ दाबून धरले. ही कॉइल क्षणभराच्या कामासाठी असते, सतत प्रवाह सोसत नाही. धूर निघाला, तारेवरचा लेप जळाला. वर्गात सन्नाटा. रिवाइंडिंगवाल्याचा मुलगा पुढे आला, वास घेऊन म्हणाला, "जळली, पण बॉबिन चांगलं आहे. अब्बाला देतो."

संध्याकाळी आम्हीच त्याच्यासोबत दुकानात गेलो. कॉइलवरची कागदी पट्टी अर्धी करपलेली, अक्षरे वाचता येत होती : एई-२३-८००. आम्ही सांगू लागलो की शिकागोला या आकड्यांचा अर्थ असा असतो की... त्यांनी हात वर केला. "सर, तेवीस नंबरची तार, आठशे फेरे. दुसरं काय असणार?" मग जळालेल्या तारेचा तुकडा मायक्रोमीटरमध्ये धरला, डोळे बारीक केले. "पण हा त्यांचा तेवीस नंबर आहे. आपला चोवीस लागेल." बरोबर होते. अमेरिकेचे तारेचे माप वेगळे आणि आपल्याकडचे, इंग्रजांकडून आलेले, वेगळे. आम्हाला हे कोष्टक पाहून सांगावे लागले असते.

मुलाला त्यांनी चाकाशी बसवले. मुलगा चाक फिरवत होता आणि मोठ्याने मोजत होता. साडेतीनशेच्या आसपास बाहेर कोणीतरी मोटर घेऊन आले, मोजणी थांबली, बापाने विचारले, "किती झाले?" मुलाने चटकन आकडा सांगितला आणि पुन्हा चाकाला हात घातला. मगरिबच्या अजानपर्यंत आठशे पुरे झाले.